कडेला थांबलेल्या पेशी

३ जून

भिंगरे,

सगळ्यात आधी टपकली ती वरच्या मजल्यावरची शिलाईवाली. तुझ्या आजोबांचा एक पाय गाडीत, एक रस्त्यावर, आणि ही जिन्यातूनच ओरडतेय, "आले का? चालत आले का?" म्हटलं नाही बाई, उडत आले. गळ्यात टेप तशीच लोंबत होती. बहुतेक कुणाचं तरी माप अर्धं टाकून धावली असणार, आता त्या गिऱ्हाइकाचा एक हात आखूड निघाला तर पाप आमच्या माथी. मग यांच्या छापखान्यातले दोघं जुने सोबती आले. एकाने येताच विचारलं, "काय प्रूफवाले, चुका किती निघाल्या?" हे म्हणाले, "दोन. दोन्ही किडन्या." सगळे हसले. मी आत जाऊन डोळे पुसले, पण आनंदाने हो.

आईने तुला फोनवर अर्धंच सांगितलं असेल. पाठ दुखते म्हणून हे तीन आठवडे दुकानातून आणून गोळ्या खात होते, मला न सांगता. त्यात जुलाब झाले. दोन दिवस पाणी प्यायचे नाहीत, सारखं उठावं लागतं म्हणून. तिसऱ्या दिवशी लघवीच बंद. डॉक्टर म्हणाले किडन्या बसल्या. मला वाटलं बसल्यात तर उठतील. अठरा दिवस दवाखाना, सहा वेळा मशीनवर रक्त धुतलं. आणि सतराव्या दिवशी लघवी झाली! लघवी झाली म्हणून वॉर्डात टाळ्या वाजवणारी मी पहिलीच बाई असेन. सिस्टर म्हणाली, आजी, हळू, पेशंट झोपलेत. म्हटलं उठू दे त्यांना, त्यांनाही कळू दे.

डॉक्टर म्हणाले, आतली जखम भरून येऊ शकते, पण वेळ लागेल. महिन्याने परत तपासायचं. मी विचारलं, आत मलम कोण लावतं? ते हसले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

तर आता तू सांग. तू तिकडे किडनीचंच करतेस ना? आईला विचारलं की म्हणते, संशोधन. ते मला माहीत आहे, पण दिवसभर हातांनी काय करतेस? मला कळेल असं लिही. फोन नको, माझ्या कानात तो तव्यासारखा चरचरतो. पत्राला आठ दिवस लागतात तर लागू देत. मला चौथीपर्यंतचंच येतं, पण तुझं अक्षर मोठं आहे, मला वाचता येतं.

हे झोपलेत. घोरतायत. इतकं गोड घोरणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

तुझी आजी

१४ जून

आजी,

तुझं पत्र प्रयोगशाळेत नेऊन सगळ्यांना वाचून दाखवलं. टाळ्यांचा भाग आला तेव्हा आमच्या प्रमुख बाई चष्मा काढून पुसत होत्या.

तू विचारलंस मलम कोण लावतं. आजी, मी नेमकं तेच बघते. किडनीत बारीक बारीक नळ्या असतात, त्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी मी प्लास्टिकच्या एवढ्याशा बशीत वाढवते. लाद्या बसवाव्यात तशा त्या एकीला एक चिकटून बसतात. मग मी टोकदार नळीने मधोमध एक ओरखडा काढते. ती जखम. आणि मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते. तिथे कुणी डॉक्टर येत नाही. कडेच्या पेशीच पसरट होतात, एक पाय पुढे काढतात आणि सरपटत रिकाम्या जागेकडे निघतात. दोन्हीकडून येतात आणि मध्ये भेटतात. आजोबांच्या आत आत्ता हेच चाललंय.

पण चालायला ताकद लागते. प्रत्येक पेशीच्या पोटात बारीक चुली असतात. किडनीच्या पेशी एरवी चरबी जाळतात. ती सावकाश जळते आणि खूप वेळ पुरते. मार बसला की चुली विझतात आणि मग त्या साखरेवर भागवतात. म्हणजे सरपण संपलं म्हणून कागद जाळायचे. ज्या बश्यांमध्ये मी नीट खाणं घालते तिथला ओरखडा दुसऱ्या दिवशी बुजतो. काही बश्या मी मुद्दाम उपाशी ठेवते. तिथल्या पेशी कडेपर्यंत येतात आणि थांबतात. नुसत्या उभ्या राहतात. आजी, ते बघवत नाही. शरीरात असं फार दिवस राहिलं की तिथे वण धरतो, मग ती जागा कामाची उरत नाही.

आजोबांना सांग, तुमच्या पेशी चालू लागल्यात, त्यांना घाई करू नका. डॉक्टरांनी पथ्याचा कागद दिला असेल, तो पाळा. पाठीच्या गोळ्या घरात असतील तेवढ्या फेकून दे.

तुझी
भिंगरी

२४ जून

भिंगरे,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा मी, दुसऱ्यांदा यांनी मोठ्याने, तिसऱ्यांदा शिलाईवालीसाठी परत मी. ती म्हणाली, "म्हणजे आतल्या आत रफू होतं!" बघ, तिला एका शब्दात कळलं आणि तू दोन पानं लिहिलीस.

पण मला जे कळलं ते तिला नाही कळलं. त्या कडेला उभ्या राहिलेल्या उपाशी पेशी माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. दवाखान्यात यांना काय द्यायचे माहितेय? भिजलेल्या कापसासारखा भात. अठरा दिवस! त्या बिचाऱ्या चालणार कशाच्या जोरावर? तर आता मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला आहे. सकाळी उठल्यावर दोन केळी कुस्करून दुधात. दहाला संत्र्याचा रस, मोठा पेला भरून, बिया काढून. जेवणात बटाटा, रोज वेगळा, कधी कुस्करलेला, कधी भाजलेला. संध्याकाळी टोमॅटोचं सूप, ते तर हे वाटीला तोंड लावून पितात. वर सुकामेवा मूठभर. भाजीवाला म्हणाला, आजी, घरात पाहुणे आलेत का? म्हटलं, आलेत ना, लाखभर आलेत, दिसत नाहीत एवढंच.

पथ्याचं म्हणशील तर काळजी करू नकोस. तो कागद मुंगीएवढ्या अक्षरातला, यांनीच भिंग धरून मला वाचून दाखवला. मीठ कमी, डबाबंद काही नको, पाणी मोजून, गोळ्या विचारल्याशिवाय नाहीत. सगळं अगदी काट्यावर पाळते. मीठ तर इतकं कमी केलंय की मीच चोरून लोणचं खाते.

आणि हे खातात गं! ताटावर बसले की मला चिडवतात, "आज काय बेत आहे पेशीबाईंचा?" मी म्हणते, गप खा, त्या चालायच्या थांबतील. परवा म्हणाले, "तुला एवढी खुशीत मी आपल्या लग्नातही पाहिली नव्हती." म्हटलं, लग्नात मला भूक लागली होती आणि तुमच्याकडचे जेवायला बसवत नव्हते.

थोडे थकल्यासारखे वाटतात. पाय जड झालेत म्हणतात. मी म्हटलं, सगळी ताकद आत कामाला लागलीय, पायांना कुठून उरणार?

चष्म्याची काच बदलायला टाकलीय. पुढच्या आठवड्यात मिळेल. मग तुला स्वतःच्या हाताने लिहितील.

तुझी आजी

२ जुलै

आजी,

तुझं पत्र आत्ता मिळालं. शिलाईवाल्या मावशींना फोन लावतेय, उचलत नाहीत. हात थांबत नाहीत म्हणून लिहितेय.

केळी बंद. संत्री बंद. बटाटा, टोमॅटो, सुकामेवा, सगळं आत्ताच्या आत्ता बंद. त्यात पोटॅशियम असतं, ते किडनीने बाहेर टाकायचं असतं, आजोबांची किडनी अजून टाकू शकत नाही. ते रक्तात साठतं आणि हृदयावर जातं. पाय जड होतात ते त्यानेच. आजच दवाखान्यात न्या. तुझं चुकलं नाही, पण आजच.

मावशींनी उचलला. धावत खाली गेल्या. परत फोन आला. आजोबा बाहेरच्या खोलीत भिंग धरून पेपर वाचत बसलेत म्हणाल्या, उठताना भिंत धरली म्हणाल्या. गाडी बोलावलीय. मी तिकीट काढतेय. हे पत्र का टाकतेय मला माहीत नाही. वाटेत पेटी आहे, टाकते.

भिंगरी

६ सप्टेंबर

आजी,

आजोबांना जाऊन दोन महिने झाले. मी परत आल्यापासून हे तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना तुझं उत्तर नाही. आई म्हणते, ठीक आहेस, पण स्वयंपाक करत नाहीस, दूध आणि बिस्किटांवर राहतेस. चार दिवस मी तुझ्याजवळ होते, तू सगळ्यांशी बोललीस, माझे केससुद्धा विंचरून दिलेस, पण मला असं वाटत राहिलं की तू दुसऱ्याच खोलीत आहेस.

मी तिथल्या डॉक्टरांशी बोलले होते. ते म्हणाले, हृदय थकलं होतं, वय होतं, इतक्या मोठ्या दुखण्यातून उठल्यावर असं होऊ शकतं. तू काही मनात ठेवू नकोस. तू त्यांची जेवढी सेवा केलीस तेवढी कुणी केली नसती.

काहीतरी लिही. दोन ओळी लिही. वाटलं तर रागव.

भिंगरी

१८ सप्टेंबर

भिंगरे,

तुझं दोन जुलैचं पत्र मला मिळालं होतं. तू परत गेल्यावर चौथ्या दिवशी. तू इथे माझ्याशेजारी झोपत होतीस तेव्हा ते वाटेत होतं.

त्यात लिहिलंयस केळी बंद, संत्री बंद, हृदयावर जातं. या पत्रात लिहितेस हृदय थकलं होतं, वय होतं.

कुठलं पत्र खरं?

मला समजावू नकोस. मला नुसतं सांग.

आजी

२७ सप्टेंबर

आजी,

दोन जुलैचं खरं.

दवाखान्यात पोचले तेव्हा त्यांच्या रक्तात पोटॅशियम फार होतं. मशीन लावेपर्यंत हृदय थांबलं. मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं, आहारामुळे का? ते म्हणाले, आहार होता, पण किडनीही भरून आलेली नव्हती, त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा बरीच कमी भरली होती. खाणं नसतं तर जगले असते का, हे ते सांगू शकले नाहीत. मीही सांगू शकत नाही. वय आणि थकवा हे मी घातलं.

पण आता माझं ऐक, कारण हे मी इतके दिवस कुणालाच सांगितलेलं नाही. तू ज्या पत्रावर विसंबून रांधलंस ते माझं होतं. मी तुला बशीची गोष्ट सांगितली आणि एक गोष्ट सांगितली नाही. बशीतल्या पेशींना मी खायला घालते आणि दर दोन दिवसांनी त्यांचं जुनं पाणी ओतून ताजं घालते. त्यांची घाण मी काढते. आजोबांच्या शरीरात ती घाण काढायचं काम त्या जखमी पेशींचंच होतं. आणि त्यांना खाणं कमी पडलंच नव्हतं, आजी. विझलेल्या चुलीवर कितीही सरपण रचलं तरी काय होणार? चूल कशी पेटवायची हे आम्हाला कुणालाच अजून नीट माहीत नाही, तेच तर आम्ही शोधतोय. मला हे सगळं माहीत होतं. मी लिहिलं नाही, कारण उपाशी पेशींची गोष्ट जास्त चांगली वाटत होती. आणि तुला आवडावी असं मला वाटत होतं.

मी आता ओरखडे काढत नाही. बाईंना सांगून दुसरं काम मागून घेतलंय, आकडे तपासायचं. नळी हातात धरली की तुझा संत्र्याचा पेला दिसतो.

तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

भिंगरी

११ ऑक्टोबर

भिंगरे,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी काही केलं नाही. खिडकीत बसले. शिलाईवाली वरून दोनदा डोकावून गेली, तिसऱ्यांदा तिने मला न विचारता चहा ठेवला, साखर विसरून. मी तो प्यायले. तू खरं लिहिलंस, बरं केलंस. मला रडायला तीन महिने जागाच सापडत नव्हती, त्या दिवशी सापडली.

आता माझ्याकडचं ऐक.

परवा दारावर एक बाई आली. बरोबर नवरा, काठी टेकत. हे शेवटच्या दिवशी दवाखान्यात होते ना, तेव्हा शेजारच्या खाटेवर होता म्हणे. बसचा ड्रायव्हर. बस उलटली, पाय तीन तास दबला होता, आणि पाय चेंगरला म्हणून किडन्या बसल्या. पाय कुठे, किडनी कुठे, पण तू सांगशील ते. मशीनवर आहे, पण लघवी सुरू झालीय, बाई सांगताना लाजली, मी नाही लाजले. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की प्रूफवाल्यांच्या घरी सगळे कागद वाचून मिळतात. त्याला पाट्यांपुरतं वाचता येतं, तिला तेवढंही नाही. बाईने पदराखालून, घरी सोडताना दिलेला पथ्याचा कागद काढला. आमच्याकडे होता तोच, छापील.

भिंगरे, मी यांचं भिंग काढलं आणि वाचायला लागले. मीठ कमी. डबाबंद नको. पाणी मोजून. आणि मग पुढची ओळ. केळी, संत्री, बटाटा, टोमॅटो, सुकामेवा, देऊ नये.

मला वाटलं, आमच्या वेळी हे छापलंच नसेल. त्या दोघांना तसंच बसवून आमचा कागद शोधला. यांच्या उशाखालच्या वहीत होता. तीच ओळ तिथे होती. आणि तिच्यावर पेन्सिलीने एक गाठ मारलेली होती, शेपूट बाहेर काढलेली.

तुला ती खूण माहीत नसेल, मला आहे. छापखान्यात काम जास्त असलं की हे घरी प्रुफं आणायचे, चुका तपासायची छापील पानं. हे छापलेलं मोठ्याने वाचायचे आणि मी मूळ हाताने लिहिलेल्या कागदावर बोट फिरवायची. कुठे शब्द सुटला की मी टेबलावर टिचकी मारायची. तीस वर्षं असं. मला वाचायला आलं ते चौथीत कमी आणि या टेबलावर जास्त. ती गाठ म्हणजे "हे गाळा". अशा हजारो गाठी मी पाहिल्यात.

पण प्रुफाला नेहमी दोन कागद असतात, एक त्यांच्या हातात, एक माझ्या. या पथ्याचा कागद एकच होता. माझं बोट फिरवायला काही नव्हतं.

म्हणजे त्यांना माहीत होतं. कुस्करलेल्या केळ्याची वाटी समोर आली की माहीत होतं, आणि "आज काय बेत आहे पेशीबाईंचा" म्हणताना माहीत होतं. मला आधी इतका राग आला की मी त्या कागदाला मोठ्याने म्हटलं, आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्यात आणि घरात हे केलंत? ड्रायव्हर घाबरून काठी शोधायला लागला. बायको त्याला म्हणाली, "तुम्हाला नाही बोलल्या."

मरायचं नव्हतं त्यांना. मरायचं असतं तर चष्म्याची काच कशाला बदलायला टाकली असती? दुकानातून आणून मी ती बसवून घेतलीय. मला वाटतं, भातावर कंटाळले होते, आणि त्यांना वाटलं थोड्याने काय होतंय, गोळ्यांच्या वेळीही असंच वाटलं होतं. आणि मी खुशीत होते. ती खुशी त्यांना मोडवेना. आता ते सांगायला नाहीत, त्यामुळे मी रोज वेगळं काहीतरी ठरवते. एखाद्या दिवशी रागावते, एखाद्या दिवशी नाही.

तू अर्धी गोष्ट लिहिलीस, मी ती खरी धरली, यांनी ओळ गाळली. कुणाचं किती ते मला मोजायचं नाही, तूही मोजू नकोस. आणि ती नळी परत हातात घे. त्या ड्रायव्हरच्या आत कुणीतरी सरपटत निघालंय ना, मग ते बघायला तू तिथे आकडे तपासत काय बसतेस?

ती बाई रडायला लागली होती, म्हणाली, "आजी, मग ह्यांना खायला घालू तरी काय? बटाट्याशिवाय ह्यांचं पान हलत नाही." चूल मी तीन महिने पेटवलेली नाही. मग दवाखान्याला फोन लावायला शिलाईवालीला बसवलं आणि सिस्टरने जे सांगितलं ते मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, आणि शिलाईवालीकडून परत वाचून घेतलं, टिचकी मारून. बटाटा सोलायचा, बारीक चिरायचा, भरपूर पाण्यात घालून ठेवायचा, ते पाणी फेकायचं. नव्या भरपूर पाण्यात उकडायचा, तेही पाणी फेकायचं. मग थोडासाच, तोही रोज नाही, आणि रक्त तपासून डॉक्टर हो म्हणाले तरच. सिस्टर म्हणाली, ह्यांचं या आठवड्याचं रक्त बरं आहे, आज एवढासा चालेल. मी उठले. सुरी घेतली, चूल पेटवली. पाणी फेकताना दोन्ही वेळा त्या बाईला बघायला लावलं.

ड्रायव्हरने एक घास घेतला आणि बायकोकडे बघितलं. म्हणाला, "आजी, राग मानू नका, पण हा बटाटा पाण्यात बुडून मेलेला लागतोय." म्हटलं, मेला तो बटाटा, तू नाही, गप खा. हसला. चमचाभरच दिला, मोजून, संपवला. मी समोर बसून बघत राहिले. शेवटपर्यंत बघितलं.

जाताना बाईने विचारलं, दर वेळी येऊन कागद वाचून घेतला तर चालेल का, तुमचं घर दवाखान्याच्या वाटेवरच आहे. म्हटलं, ये. पण दवाखान्यातून दोन कागद मागून आण, एक तुझा, एक माझा, बोट कसं फिरवायचं ते मी शिकवते.

बुधवारी येतो म्हणालेत, मशीन झाल्यावर, चारच्या सुमारास.

तुझी आजी